अक्षर तारेवर कसें चढतें

पत्र पेटींत पडलें म्हणजे तें पोंचलें, असें कोणी समजत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र शहाणीं माणसेंही हा भेद विसरतात. प्रोग्रामनें कांहीं अक्षरें पाठविण्याची आज्ञा द्यावी, ऑपरेटिंग सिस्टिमनें निमिषांत 'झालें' म्हणून उत्तर द्यावें, आणि अक्षरें तर अद्याप संगणकाच्या बाहेरही पडलेलीं नसावींत! हें उत्तर खोटें नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, कीं अक्षरांचा भार आतां ड्रायव्हरनें, म्हणजे यंत्राच्या एखाद्या अवयवाशीं बोलण्यासाठीं नेमलेल्या प्रोग्रामनें, पत्करला आहे. 'झालें' आणि 'गेलें' यांमधील अंतर सीरियल पोर्टाच्या उदाहरणांत फार स्वच्छ दिसतें.

या पोर्टांतून एका अक्षराचे, म्हणजे एका बाइटाचे, आठ बिट एकाच तारेवरून एकामागून एक जातात. पुढें आरंभाचा एक बिट व मागें समाप्तीचा एक, असे बहुधा एकंदर दहा. सेकंदास ९६०० बिट ही गति धरली, तर सेकंदास ९६० अक्षरें होतात. मनुष्याच्या वाचनाच्या मानानें हा वेग अफाट खरा. पण १९८१ सालीं निघालेल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर सेकंदास सुमारें ४७ लक्ष ७० हजार ठोक्यांनीं चाले. एक अक्षर तारेवरून जाईपर्यंत त्याचे जवळजवळ पांच हजार ठोके पडून जात.

तारेचें काम तेथें ८२५० या चिपकडे होतें. तिच्यांतील व्यवस्था जुन्या वाड्यासारखी आहे. ड्रायव्हरनें दिलेलें अक्षर प्रथम होल्डिंग रजिस्टरांत बसतें, ही देवडी. तेथून तें शिफ्ट रजिस्टरांत जातें, हा उंबरठा. उंबरठ्यावरून एकेक बिट तारेवर उतरतो. देवडी रिकामी झाली कीं स्थिति दाखविणाऱ्या रजिस्टरांतील एक बिट उभा राहतो, आणि ड्रायव्हरला पुढचें अक्षर देतां येतें.

ही खूण पाहण्याच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे 'झालें का, झालें का' असें एकसारखें विचारीत दाराशीं उभें राहणें. रीत सोपी, पण प्रत्येक अक्षरामागें ते पांच हजार ठोके फुकट जातात. दुसरी रीत इंटरप्टची. ड्रायव्हर सर्व अक्षरें बफरांत, म्हणजे स्मृतीच्या एका राखीव भागांत, ठेवून घेतो, प्रोग्रामला 'झालें' म्हणून मोकळें करतो, आणि प्रोसेसर दुसऱ्या उद्योगाला लागतो. देवडी रिकामी होतांच चिप हांक मारते. हातांतलें काम क्षणभर ठेवून ड्रायव्हर दुसरें अक्षर देतो व परततो. पुढें १६५५०ए या चिपनें देवडींत सोळा अक्षरांची सोय केली, त्यामुळें हांकाही पुष्कळ कमी झाल्या.

येथवर सर्व सुरळीत आहे. अडचण येते ती शेवटच्या अक्षराशीं. कारखान्यांतून पुष्कळ ठिकाणीं आरएस-४८५ पद्धतीनें अनेक यंत्रें एकाच तारांच्या जोडीवर बसविलेलीं असतात. तेथें एका वेळीं एकानेंच बोलावयाचें, आणि बोलणें संपतांच तार सोडावयाची. चिपची हांक मात्र देवडी रिकामी झाल्याची असते. उंबरठा रिकामा झाल्याची नव्हे. हांक ऐकतांच ड्रायव्हरनें तार सोडली, तर उंबरठ्यावरचें अक्षर मध्येंच तुटतें. १९७९ सालच्या मॉडबस पद्धतीच्या आरटीयू प्रकारांत संदेशाचीं शेवटचीं दोन अक्षरें पडताळ्याचीं असतात. त्यांतलें एक तुटलें, कीं ऐकणारें यंत्र सबंध संदेश टाकून देतें आणि गप्प बसतें. पाठविणाऱ्या प्रोग्रामला 'झालें' हें उत्तर केव्हांच मिळालेलें असल्यामुळें तो दोष समोरच्या यंत्राच्या माथीं मारतो. उलट तार फार वेळ धरून ठेवावी, तर समोरचें यंत्र उत्तर देऊं लागतें आणि दोन आवाज एकमेकांवर आदळतात. ९६०० च्या गतीला ही सवड चार सहस्रांश सेकंदांच्या आसपासच असते.

उंबरठा रिकामा झाल्याचाही एक निराळा बिट या चिपमध्यें आहे. पण त्याच्यासाठीं हांक नाहीं. तो स्वतः जाऊन पाहावा लागतो. म्हणून बाकीच्या सगळ्या अक्षरांसाठीं इंटरप्टवर विसंबणाऱ्या ड्रायव्हरला शेवटच्या एका अक्षरासाठीं पुनः त्या पहिल्या, उधळ्या रीतीकडे यावें लागतें, किंवा वेळेचा हिशोब करून घड्याळ लावावें लागतें. सामान्य प्रोग्रामसाठीं युनिक्स पंथाच्या प्रणालींत टीसीड्रेन नांवाची आज्ञा आहे. बफरांतलें सर्व तारेवरून जाईपर्यंत ती परत येत नाहीं. ती वापरण्याचा कंटाळा करणारे प्रोग्राम थोडे नाहींत.

आज लॅपटॉपवर हा पोर्ट सहसा दिसत नाहीं. यूएसबीला जोडावयाची एक लहानशी पट्टी त्याचें काम करते. तिच्यांतील चिप यूएसबीच्या पलीकडे बसलेली, त्यामुळें ड्रायव्हरला उंबरठ्यावर डोळा ठेवणें आणखी अवघड झालें आहे. म्हणून अशा कित्येक चिपांमध्यें तार धरण्याचें व सोडण्याचें काम चिपच करते, आणि तिला स्वतःचा उंबरठा दिसत असल्यामुळें शेवटचें अक्षर तुटत नाहीं.