ध्वनीची पारख : एका महागड्या यंत्राच्या निमित्ताने



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला या शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. प्रयोगवहीत निरीक्षणाआधी निष्कर्ष लिहिलेला त्यांना खपत नसे. म्हणून आजचा विषयही निरीक्षणाचाच निवडला आहे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या श्रवणमंडळाचा सीडी-प्लेयर निकामी झाला, तेव्हा नव्या यंत्रासाठी वर्गणी जमली. काहींचे मत पडले की संग्रहाला साजेसे, सुमारे दोन लाखांचे परदेशी यंत्र घ्यावे. इतरांनी विचारले, साध्या यंत्रापेक्षा त्याचा आवाज खरोखर सरस आहे का? पैसा सर्वांचा, त्यात काही निवृत्तांचाही. त्यामुळे वाद बराच तापला. पारख करण्याचे काम मजकडे आले. विक्रेत्याने महागडे यंत्र आठवडाभर ऐकावयास दिले.

प्रथम या तबकडीविषयी थोडे. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तिचे मानक ठरविले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये पहिले यंत्र जपानच्या बाजारात आले. ध्वनीच्या लहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजावयाची आणि प्रत्येक मोजमाप १६ अंकी द्विमान संख्येत लिहावयाचे, ही तिची रीत. म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या झाल्या. त्यामुळे सर्वांत मोठा आवाज आणि यंत्राची स्वतःची खरखर यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राहते. आमच्या संग्रहात उस्ताद अमीर खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणे आहेत. इंदुरात ती नसती तरच नवल. खाँसाहेब १९७४ साली गेले, म्हणजे मूळ मुद्रण चुंबकीय फितीवरचे, आणि त्या काळच्या फितीची ही मर्यादा ६० ते ७० डेसिबलच्या आसपास असे. विलंबित ख्यालातील दोन आलापांमधल्या शांततेत जी बारीक सरसर ऐकू येते, ती फितीची होय. कोणतेही यंत्र, कितीही किमतीचे असो, ती पुसू शकत नाही. शिवाय आमच्या खोलीत पंखा असतो, तो निराळाच.

यंत्रायंत्रांत फरक असूच शकत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. सोनीच्या पहिल्या यंत्रात डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांना मिळून एकच परिवर्तक होता. फिलिप्सने १४ अंकी परिवर्तक वापरून चौपट वेगाची गणिती युक्ती योजली होती. त्या काळी मतभेदाला जागा होती. पुढे परिवर्तक इतके सुधारले आणि स्वस्त झाले की साध्या यंत्राचे दोषही कानाच्या मर्यादेखाली गेले. निदान मोजमापे तरी तसे सांगतात. कान काय सांगतो?

पहिल्या दिवशी कानाने एकमुखाने महागड्या यंत्राच्या बाजूने कौल दिला. तंबोऱ्याची जवारी अधिक भरीव वाटली, तबल्याचा बायाँ अधिक खोल. मी दोन्ही यंत्रांचा विद्युत्‌दाब मोजला. साधे यंत्र प्रचलित प्रमाणानुसार २ व्होल्ट देत होते, महागडे अडीच. हा फरक सुमारे १.९ डेसिबलचा. एवढ्याने आवाज मोठा झाला असे सहसा कोणी म्हणत नाही. तो 'चांगला' झाला, असेच म्हणतो. आवाज किंचित वाढला की खर्जाचे स्वर कानाला तुलनेने अधिक भरतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखविले होते. दुकानांतील पारख बहुधा येथेच फसते.

तेव्हा १,००० हर्ट्‌झचा स्वर वाजवून, स्पीकरच्या टोकांशी मीटर लावून, दोन्ही पातळ्या एक टक्क्याच्या आत जुळविल्या. एकाच सीडीच्या दोन प्रती आणून दोन्ही यंत्रे एकाच क्षणी सुरू केली. पडद्यामागे दहावीचा एक विद्यार्थी नाणे उडवून कोणते यंत्र जोडावयाचे ते ठरवी. उत्तरे टिपणाऱ्यालाही ते ठाऊक नसे. चाचणी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही माणूस उत्तर वाचतो, म्हणून ही दुहेरी खबरदारी. प्रत्येक श्रोत्याला १६ वेळा विचारावयाचे आणि किमान १२ उत्तरे बरोबर आली तर फरक कळतो असे मानावयाचे, हे आधीच लिहून ठेवले. नुसत्या अंदाजाने १२ वा अधिक उत्तरे जुळण्याचा संभव शंभरात चाराहूनही कमी असतो.

पाच जण बसले. त्यांत दोघे संगीताचे जाणकार, एक उत्तम तबलावादक. बरोबर उत्तरे आली ती ६, ७, ८, ९ आणि १०. दहा उत्तरे जुळलेल्या गृहस्थांनी जागच्या जागी विजय घोषित केला. परंतु दहा वा अधिक उत्तरे निव्वळ नाणेफेकीनेही शंभरात बावीस-तेवीस वेळा जुळतात, आणि येथे तर पाच जण होते. अमेरिकेत मायर आणि मोरान यांनी २००७ साली याहून कठीण प्रश्न तपासला होता : सीडीहून वरच्या दर्जाचे मुद्रण सीडीच्या मापातून गाळून घेतले, तर ओळखू येते का? ५५४ उत्तरांपैकी २७६ बरोबर आली.

यावरून सर्व यंत्रे सारखीच, असे सिद्ध झाले नाही. त्या खोलीत, त्या स्पीकरांवर, त्या पाच जणांना फरक ओळखता आला नाही, एवढेच माझे निरीक्षण.

एक फरक मात्र डोळे मिटूनही सर्वांना कळला. संग्रहातील काही तबकड्या हाताळून ओरखडलेल्या आहेत. सीडीवरील माहिती विखरून लिहिलेली असते, म्हणून अडीच-एक मिलिमीटरपर्यंतची सलग हानी यंत्र गणिताने भरून काढू शकते. त्यापलीकडे लेझरची पकड कसाला लागते. अशा सहा तबकड्या लावून पाहिल्या. महागडे यंत्र चारांवर अडखळले, साधे एकीवर. यांत्रिक भागावर किंमत दिसेल अशी माझी अपेक्षा होती.

मंडळाने साधे यंत्र घेतले. उरलेल्या रकमेतून जड पडदे, जमिनीवर सतरंज्या आणि अधिक चांगले स्पीकर आले. ओरखडलेल्या तबकड्यांच्या प्रती संगणकावर उतरवून ठेवण्याचे काम दोन माजी विद्यार्थिनींनी अंगावर घेतले आहे. एक ज्येष्ठ सभासद अद्याप असमाधानी आहेत. सोळा वेळा ऐकून कान थकतो, असा त्यांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. म्हणून पुढील चाचणी दिवसाला चार वेळा, अशी चार दिवस घेण्याचे आम्ही ठरविले आहे. पडद्यामागे बसण्यास विद्यार्थी हवा आहे.