मतदाराचे मन आणि प्रचाराचा पंधरवडा



वैशाखाच्या उन्हात दिवसभर होरपळल्यावर संध्याकाळी वाऱ्याची एखादी झुळूक आली, म्हणजे माणसाला आपले अंगण सोडून कोठे जावेसे वाटत नाही. तरीही आपण एवढ्या मंडळींनी येथे येण्याची तसदी घेतली, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचे रोपटे लावले. त्याची एक फांदी आज इंझोरीपर्यंत पोचली आहे, हे पाहून आम्हांस आनंद होतो.

चालकांनी आम्हांस निवडणुकीवर बोलण्यास सांगितले, तेव्हा आम्ही एक अट घातली. कोणत्या पक्षाची वा उमेदवाराची बाजू आम्ही येथे मांडणार नाही. उमेदवाराविषयी गावोगाव सारेच बोलतात. मतदाराविषयी मात्र खुद्द मतदारासमोर कोणी फारसे बोलत नाही. तेव्हा आज उमेदवारास बाजूला बसवून आपण आपल्याच मनाची थोडी झडती घेऊ. अर्ज भरले जातात त्या दिवशी एखाद्या माणसाविषयी आपल्या मनात जे असते, ते मतदानाच्या दिवशी तसेच का राहत नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका खेड्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या दिवसांत आमचा मुक्काम होता. गावाचे नाव सांगत नाही. आपणांपैकी अनेकांना ते आपलेच गाव वाटेल. आमच्या यजमानांचे शेत पांदणीच्या टोकाला. पावसाळ्यात त्या पांदणीने बैलगाडी जाईना, ट्रॅक्टर गेला तर रुतून बसे, आणि सोंगलेले सोयाबीन घरी आणण्याची वेळ आली की माणसांच्या डोक्यावरून आणावे लागे. पहिल्या दिवशी यजमान संतापाने म्हणाले, "पाच वर्सं झाले, पांदनीवर एक टोपलं मुरूम नाही टाकला यानं. यंदा त्याले दाखवतोच!"

आठवडा गेला. एके सकाळी तोच उमेदवार यजमानांच्या दारी आला, ओट्यावर टेकला, चहा घेतला आणि यजमानांच्या वारलेल्या वडिलांची आठवण काढून क्षणभर गप्प बसला. तो गेल्यावर आम्ही यजमानांकडे पाहिले. ते म्हणाले, "काय करता भाऊ, वट्यावर येऊन बसला, चहा पेला. घरी आलेल्या मानसाले काय म्हनाव?"

आणखी चार दिवसांनी चौकातील सभेत विरुद्ध बाजूच्या कोणा बोलक्या कार्यकर्त्याने यजमानांच्या भावकीविषयी एक बोचरे वाक्य टाकले. रात्री भावकीची बैठक बसली. आता प्रश्न इज्जतीचा आहे, असे ठरले. यजमान घरी आले, जेवायला बसले आणि बैठकीची हकीकत रंगवून सांगू लागले. भाकर वाढता वाढता त्यांच्या पत्नीने एकच शब्द विचारला, "अन् पांदन?"

यजमान काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मत दिले. कोणाला दिले हे आम्ही विचारले नाही. गुप्त मतदानाचा मान पाहुण्यानेही राखावा. पुढल्या वर्षी आश्विनात पुन्हा तिकडे जाणे झाले, तेव्हा सोयाबीन डोक्यावरूनच येत होते.

त्या बाईंचा तो एक शब्द आम्हांस आजवर पुरला आहे. त्या पंधरा दिवसांत यजमानांनी राग सोडला, मग माया धरली, मग अपमान गिळण्याचे नाकारले. यांतील एकही भावना खोटी नव्हती. घरी आलेल्याचा मान राखणे आणि भावकीची लाज राखणे या दोन्ही चांगल्याच गोष्टी. परंतु पहिल्या दिवशी ज्या प्रश्नाने त्यांचे मन पेटले होते, तो प्रश्नच वाटेत कोठेतरी गळून पडला. प्रचार माणसाचे उत्तर क्वचितच बदलतो. तो बहुधा प्रश्न बदलतो.

हे आमचे अनुमान केवळ एका ओट्यावरचे नाही. १९४० साली अमेरिकेत रूझवेल्ट आणि विल्की यांची अध्यक्षपदासाठी लढत झाली. तेव्हा पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात सुमारे ६०० मतदारांना मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत पुन्हा पुन्हा भेटत राहिले. त्यांचा ग्रंथ १९४४ साली निघाला. सभा, वर्तमानपत्रे आणि रेडिओ यांच्या माऱ्याने माणसे या बाजूची त्या बाजूला जात असतील, असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात सुमारे निम्म्या लोकांचे मत मे महिन्यातच ठरलेले निघाले, आणि बाजू खरोखर उलटवणारे फार थोडे सापडले. ज्यांची मते हलली, ती वर्तमानपत्रापेक्षा शेजाऱ्यामुळे, घरच्या माणसामुळे आणि ओळखीच्या जाणत्यामुळे अधिक हलली. ज्यांना घरचे एकीकडे आणि मित्रमंडळी दुसरीकडे ओढत होती, ते निर्णय लांबवत राहिले आणि त्यांचा उत्साहही ओसरला. वाचताना आम्हांस ओहायोच्या जागी आपला चावडीपुढचा पार दिसू लागला.

तर मग मने बदलतात ती कशी? आपल्या महाराष्ट्रातील एक लढत पाहा. १९६७ च्या फेब्रुवारीत दक्षिण मुंबईतून स. का. पाटील उभे होते. ते केंद्रात रेल्वेमंत्री, पूर्वी तीनदा मुंबईचे महापौर, आणि १९५२, १९५७ व १९६२ अशा तीन लोकसभांचे विजयी उमेदवार. त्यांच्यासमोर संयुक्त समाजवादी पक्षाचे जॉर्ज फर्नांडिस, वय वर्षे छत्तीस, महापालिकेचे नगरसेवक आणि कामगारांचे पुढारी. आपल्याला देवही पाडू शकणार नाही, अशा अर्थाचे उद्गार पाटलांनी काढल्याचे सांगतात. विरोधकांनी ते उचलले आणि मतदाराला सांगितले की देवाचे राहू द्या, तुम्ही पाडू शकता. पाटील पडले.

आता यात मतदाराचे मन नेमके कोठे बदलले? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पाटलांनी घेतलेली भूमिका मराठी माणसाला ठाऊक होती. त्या रागाला तेव्हा दहा वर्षे झाली होती. पण त्याच रागाच्या ऐन भरात, १९५७ साली, पाटील निवडून आले होते. दक्षिण मुंबईत नाना भाषांची वस्ती. तेव्हा एकाच कारणाने सारे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु एक गोष्ट उघड आहे. हा माणूस पडू शकतो, ही कल्पनाच पूर्वी पुष्कळांच्या मनात नव्हती. आपल्या एका मताने काय होणार, असे वाटले की माणूस आपली नाराजी खुंटीला टांगून ठेवतो. शक्यता दिसली की तीच नाराजी खाली काढून अंगावर घालतो. आपण याला 'हवा' म्हणतो. हवा म्हणजे पुष्कळदा शेजाऱ्याच्या मनात काय आहे याविषयीचा आपला अंदाज. म्हणून तर प्रत्येक उमेदवार सभेला माणसे गोळा करण्यासाठी गाड्या पाठवतो. गर्दीचे डोळे व्यासपीठाकडे असतात, पण मन शेजारच्या गर्दीकडे असते.

दुसरे उदाहरण याहून खडतर आहे. १९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांची लढत देशभर गाजली. मेनन मोठ्या मताधिक्याने निवडून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले आणि नोव्हेंबरात मेनन यांना मंत्रिपद सोडावे लागले; त्यांच्या जागी आपले यशवंतराव गेले. १९६७ साली मेनन मुंबईतच अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पडले. त्याच वर्षीची पोटनिवडणूकही ते हरले. मतदाराने १९६२ साली दिलेला कौल प्रामाणिक होता. पण सीमेवरची परिस्थिती प्रचाराच्या गोंगाटात किती जणांनी तोलली असेल, हा विचार मनाला टोचतो.

तिसरे उदाहरण आपल्या विदर्भाचेच आहे. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यानंतर जेमतेम अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भूमीवर लाखो लोक त्यांच्या एका शब्दावर धर्मांतराला उभे राहिले. माणसाची थोरवी मतपेटीतून मोजू नये, हे त्यावरून शिकावे. मत हा त्या दिवसाचा, त्या प्रश्नापुरता निकाल असतो.

आणि ताजे उदाहरण हवे असेल तर २०२४ साल घ्या. आपल्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघाने २६ एप्रिलला लोकसभेसाठी मतदान केले, तेव्हा ऊन तापले होते आणि लग्नसराई चालू होती. २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी रांगा लागल्या, तेव्हा सोयाबीन घरात येऊन पडले होते आणि कापूस वेचणीला आला होता. लोकसभेत राज्यातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. सहा महिन्यांनंतर विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी घेतल्या. कोणी बहिणींच्या खात्यात जमा झालेल्या पैशाकडे बोट दाखवितो, कोणी जातीच्या गणिताकडे, कोणी संघटनेकडे. त्या वादात आम्ही पडत नाही. एवढेच म्हणतो की या दोन निवडणुकांत मतदारापुढे ठेवलेले प्रश्न वेगवेगळे होते. मतदार लहरी आहे असा ठपका ठेवण्यापूर्वी त्याला काय विचारले गेले, हे पाहावे.

कोणी म्हणेल, मत बदलणे वाईट आहे काय? मुळीच नाही. नवी माहिती कळली, उमेदवाराचा हिशोब ऐकला, विरोधकाचे म्हणणे पटले, आणि मत बदलले, तर ते शहाणपणाचे लक्षण. जो काहीही ऐकून बदलतच नाही, त्याला प्रचाराची गरज नाही आणि लोकशाहीचीही फारशी नाही. पण नव्या माहितीने बदललेले मन आणि नुसत्या नव्या भावनेने बदललेले मन या दोहोंत अंतर आहे. ते अंतर दुसऱ्या कोणाला दिसत नाही. ज्याचे त्यालाच ओळखावे लागते.

कायद्याने यासाठी थोडी सोय केली आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत पूर्वी किमान २० दिवस असत. १९९६ पासून ते १४ झाले. कायदा लोकसभा-विधानसभेचा असला, तरी त्यामागचा हेतू गावच्या निवडणुकीलाही लागू आहे. ते दोन दिवस मतदाराने स्वतःकडे परत यावे, यासाठी आहेत. पण आपल्या गावांत याच दोन रात्री सर्वांत जागत्या असतात. ध्वनिक्षेपक गप्प बसतो आणि कुजबुज सुरू होते. हल्ली तर कुजबुज खिशातल्या मोबाईलमध्येच येऊन बसली आहे; तिला दार ठोठावण्याचीही गरज उरली नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. निवडणूक जाहीर होईल त्या दिवशी घरातल्या वहीच्या पानावर एकच ओळ लिहून ठेवा: या खेपेस आमच्या घराचा प्रश्न कोणता. पांदण असेल, विहिरीचे पाणी असेल, मुलीच्या शाळेची एस. टी. असेल, सोयाबीनचा भाव असेल. उमेदवाराचे नाव लिहू नका. फक्त प्रश्न लिहा. मग पंधरा दिवस सभा ऐका, दारी येईल त्याला चहा द्या, वडिलांची आठवण निघाली तर डोळेही पुसा. वऱ्हाडी माणसाने पाहुणचार सोडू नये. दारी आलेल्याला मात्र वहीतली ओळ वाचून दाखवा आणि त्याचे उत्तर त्याच ओळीखाली लिहा. मतदानाच्या आदल्या रात्री ते पान पुन्हा उघडा. मन बदलले असेल, तर कशाने बदलले ते त्या पानावर सापडते का, पाहा. सापडले तर निःशंक मनाने मत द्या. न सापडले तर एक रात्र थांबून विचार करा. रात्र तुमचीच आहे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आजोबा-आजींनी आडोशामागे एकटे उभे राहून आपापली पेटी निवडली. त्यांच्यावरही दडपणे होती, नाती होती, धाक होता. पण त्या आडोशामागे त्यांच्याबरोबर कोणी नव्हते. आज पेटी गेली, यंत्र आले. आडोसा मात्र कायम आहे. त्या आडोशामागे आपण भावकी घेऊन जातो, अपमान घेऊन जातो, हवा घेऊन जातो. जाताना तो एक शब्दही बरोबर न्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

त्या माउलीने भाकर वाढताना विचारलेला प्रश्न तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या घरात कोणीतरी विचारीत असते. निवडणुकीच्या रात्री ते ऐकू येण्याइतकी शांतता आपल्या घरांत राहो.