रोहिणीचं पाणी
(सावली येथे वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

रोवणीचे दिवस आहेत. दिवसभर चिखलात वाकलेली माणसं रात्री विहारात येऊन बसली आहेत, म्हणून दुःखाची गोष्ट पाण्यापासूनच सुरू करतो.

बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आपण वर्षावासात वाचतो. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं म्हणून सिद्धार्थाने घर सोडलं, हे बाबासाहेबांच्या बुद्धीला पटलं नाही. त्यांनी रोहिणी नदीचा तंटा पुढे आणला. शाक्य आणि कोलिय, दोघांची शेती एकाच नदीवर. आधी पाणी कुणी घ्यायचं यावरून मारामारी झाली, शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला. बहुमत उलट गेलं. कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसाला बुद्धचरित्राच्या दाराशी पाणीच दिसावं, यात मला फार मोठा अर्थ दिसतो.

माझं मन मात्र अडतं ते पुढच्या प्रसंगावर. शाक्य-कोलियांचा समेट झाल्याची बातमी सिद्धार्थाला राजगृहात कळते. आता परत जायला हरकत नव्हती. घरी यशोधरा होती, राहुल होता. तरी तो गेला नाही. दोन राष्ट्रांतलं युद्ध कधीतरी होतं, पण माणसांच्या वर्गावर्गातला झगडा रोजचा, आणि जगाच्या दुःखाचं मूळ तिथे आहे, हे त्याला दिसलं होतं.

आपल्याकडे असोलामेंढ्याचं पाणी आहे. कालव्याच्या तोंडाशी ज्याची बांधी, त्याची आधी भरते. टोकाचे पऱ्हे पिवळे पडतात. रात्री कुणीतरी धुरा फोडतो आणि सकाळी सख्ख्या भावांचं बोलणं बंद. टोकापर्यंत पाणी यावं म्हणून सरकारदरबारी भांडायलाच हवं. बुद्धाचं नाव घेऊन गप्प बसा असं मी सांगणार नाही. पण पाणी आलं, धान घरात आलं, तरी शेजाऱ्याबद्दलचा जळफळाट उरतो. त्याचं कारण बाहेर सापडत नाही. ते मनात आहे, दिसतं, आणि दिसलं की दूरही करता येतं. राग चढलेला ओळखून कुदळ खाली ठेवणं ही सम्यक स्मृती. भावाशी पुन्हा बोलणं ही सम्यक वाचा. मुक्ती इथे, धुऱ्यावर सुरू होते. ती म्हातारपणासाठी राखून ठेवायची नसते.

कुणी विचारील, मोहफुलं वेचायला गेलेलं माणूस वाघाने नेलं, त्या घराला काय सांगाल? त्या घरापुढे तृष्णेवर प्रवचन करायचं नसतं. मेलेलं बाळ कडेवर घेऊन आलेल्या किसा गोतमीला बुद्धांनी मोहरी मागायला दारोदार पाठवलं. घरोघरच्या मरणाची हकीकत तिने ऐकली, उपदेश नंतर. आपणही त्या घरी जाऊन बसावं, त्यांची रोवणी करून द्यावी.

१६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, धम्मदीक्षा झाली. तिथल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसं समान मानण्याची प्रतिज्ञा आहे आणि अष्टांगिक मार्गाने चालण्याचीही. हक्काचं भांडण आणि मनाची वाट, दोन्हींच्या प्रतिज्ञा एकाच तोंडून, एकाच दमात घेतलेल्या. उद्या सारनाथचं पहिलं प्रवचन वाचायला घेऊ.