चेहऱ्यावरचे खळगे आणि त्यांची भरणी



ज्या व्यासपीठावर इतिहास, राजकारण, वाङ्मय आणि अध्यात्म यांची चर्चा व्हायची, तेथे मुरुमांनी गालावर पाडलेल्या खळग्यांचा विषय घेऊन उभे राहणे आपणांपैकी काहींना थिल्लरपणाचे वाटेल. देशापुढे एवढे प्रश्न असताना गालाचे काय घेऊन बसलात, असेही कोणी विचारील. त्यांना आमचे उत्तर एवढेच की, हे खळगे ज्याच्या गालावर आहेत त्याला ते दर आरशात भेटतात. आम्हां त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे असे तरुण येतात, तेव्हा ते कोणत्या खुर्चीवर बसतात हे पाहण्यासारखे असते. खिडकीचा उजेड बाजूने पडेल ती खुर्ची ते टाळतात. लग्नकार्यात फोटोची वेळ आली की कोणी मागच्या रांगेत सरकतो, कोणी केसांची बट गालावर ओढून घेते. याला नुसती नटण्याची हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

आपल्या लोकांना चेहऱ्यावरचे वण नवे नाहीत. आपणांपैकी वडीलधाऱ्या मंडळींनी देवीचे वण असलेले चेहरे घरोघरी पाहिलेले असतील. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली हा रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवी गेल्या, मुरूम मात्र राहिले. सुश्रुतसंहितेत मुरुमांना ‘मुखदूषिका’ म्हटले असून सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. म्हणजे ही व्याधी आजच्या वडापावाने आणली, असे म्हणण्याचे कारण नाही.

मुरूम होतो कसा आणि खळगा उरतो कसा, हे आधी थोडक्यात पाहू. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. ग्रंथीचे तोंड मृत पेशींनी बुजते, आत जंतू वाढतात आणि दाह सुरू होतो. दाह वरवरचा असला तर काही दिवस काळा डाग राहून तो विरतो. दाह खोल गेला तर त्वचेला आधार देणारे कोलॅजनाचे धागे त्यात नष्ट होतात. शरीर डागडुजी करते खरे, पण गेले तेवढे सामान परत घालत नाही. घराच्या जोत्यातली माती वाहून जावी आणि वरची जमीन खचावी, तसा गाल त्या जागी खचतो. खळगा आपल्याला दिसतो तो मुख्यतः रंगामुळे नव्हे, तर सावलीमुळे. म्हणूनच दुपारी समोरून उजेड असताना जो चेहरा बरा दिसतो, तोच डोक्यावरच्या दिव्याखाली खडबडीत वाटतो.

सगळे खळगे एका जातीचे नसतात. जेकब, डोव्हर आणि कॅमिनर या अमेरिकन डॉक्टरांनी २००१ साली त्यांचे तीन प्रकार मांडले आणि व्यवहारात ते आजही उपयोगी पडतात. पहिला प्रकार दाभणाने टोचल्यासारखा : तोंड दोन मिलिमीटरांहून अरुंद, पण खोली विहिरीसारखी. दुसरा हौदासारखा : कडा उभ्या, तळ सपाट, रुंदी साधारण दीड ते चार मिलिमीटर. तिसरा लाटेसारखा : चार-पाच मिलिमीटर किंवा अधिक रुंद, कडा उतरत्या, आणि तळाशी त्वचा खालच्या थरांना तंतूंनी जखडलेली.

आता भरणीकडे वळू. ‘फिलर’ म्हणजे त्वचेत किंवा तिच्या लगेच खाली सुईने भरायचे द्रव्य. खचलेली जागा खालून उचलायची आणि सावली पडू द्यायची नाही, एवढीच त्यामागची कल्पना. ही कल्पना आजची नाही. १८९३ साली नॉयबर या जर्मन शल्यवैद्याने दंडातील चरबीचे लहान तुकडे काढून चेहऱ्यावरचे खचलेले व्रण भरले होते. पुढे १८९९ साली व्हिएन्नामध्ये गेरसुनी यांनी पॅराफिनच्या जातीचे द्रव्य त्वचेखाली टोचले, आणि मग नाके उंच करण्यासाठी व गाल भरण्यासाठी पॅराफिनची लाट आली. परिणाम तात्काळ दिसे. लोक खूष होत. काही वर्षांनी मात्र तेथे कठीण गाठी येत, द्रव्य भलतीकडे सरके, त्वचा फुटे. पॅराफिनची ही कथा आम्ही मुद्दाम सांगतो. भरलेली गोष्ट पहिल्या दिवशी कशी दिसते यावरून तिची परीक्षा होत नाही. पाचव्या आणि दहाव्या वर्षी ती कोठे आहे, यावरून होते.

त्यानंतर १९८१ साली अमेरिकेत गाईबैलांच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजनाच्या इंजेक्शनाला मान्यता मिळाली. ते काही महिन्यांत विरून जाई आणि काहींना त्याची ॲलर्जी होई, म्हणून आधी हातावर चाचणी घ्यावी लागे. सध्या सर्वांत जास्त वापरले जाते ते हायलुरॉनिक आम्ल. नावातल्या ‘आम्ल’ या शब्दाने घाबरू नये. तो आपल्या शरीरातलाच पाणी धरून ठेवणारा पदार्थ आहे. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो प्रथम गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. आज तो जंतूंच्या साह्याने, आंबवण्याच्या प्रक्रियेने तयार करतात. नैसर्गिक रूपात तो त्वचेत एक-दोन दिवसांत जिरतो. म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंफून घट्ट जेली बनवतात. ही जेली साधारण सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून अधिक टिकते. तिचा मोठा गुण असा की, हायलुरोनिडेज नावाच्या औषधाने ती विरघळवता येते.

दुसरे टोक म्हणजे कायमचे फिलर. ‘बेलाफिल’ या नावाच्या द्रव्यात पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट या प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म गोल मणी कोलॅजनात मिसळलेले असतात. कोलॅजन विरते, मणी राहतात आणि त्यांच्याभोवती शरीर स्वतःचे नवे कोलॅजन विणते. एकवीस वर्षांवरील माणसांच्या गालावरील मुरुमांच्या मध्यम ते तीव्र खळग्यांसाठी या द्रव्याला अमेरिकेत २०१४ च्या अखेरीस मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४७ जणांपैकी काहींना हे द्रव्य आणि काहींना नुसते मिठाचे पाणी टोचले होते. सहा महिन्यांनी ठरावीक मापाने पाहता द्रव्य घेतलेल्यांपैकी ६४ टक्के, तर मिठाचे पाणी घेतलेल्यांपैकी ३३ टक्के यशस्वी ठरले. हे दोन्ही आकडे लक्षात ठेवावेत. द्रव्याचा उपयोग होतो, हे पहिला सांगतो. यश मोजताना मिठाच्या पाण्यालाही त्यातला वाटा मिळतो, हे दुसरा सांगतो. आणि उरलेल्या ३६ टक्क्यांना द्रव्य घेऊनही ते माप गाठता आले नाही, हेही विसरू नये. शिवाय हे मणी विरघळवता येत नाहीत, आणि क्वचित उशिराने तेथे गाठी येऊ शकतात. त्यातील कोलॅजन गोवंशाच्या कातड्यापासूनचे असते. आपल्याकडील अनेकांच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट नव्हे. डॉक्टरांनी ती न विचारता सांगितली पाहिजे.

मग कोणत्या खळग्याला भरणी चालते? याची एक सोपी परीक्षा घरी करता येते. खिडकीपाशी असे उभे राहा की उजेड बाजूने पडेल. आरशात पाहत दोन बोटांनी गालाची त्वचा हलकेच ताणा. ताणल्यावर जो खळगा जवळजवळ नाहीसा होतो, त्याला फिलरचा उपयोग होण्याचा संभव चांगला. ताणूनही जो तसाच राहतो, त्याला कमी. दाभणासारख्या खळग्यात द्रव्य भरू गेले तर विहीर तशीच राहते आणि काठच फुगतो. अशा खळग्यांना ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा थेंब तळाशी लावणे, किंवा तो खळगा छोट्या गोल पात्याने काढून टाका घालणे, हे उपाय अधिक योग्य.

लाटेसारख्या खळग्यांबाबत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती समजण्यास गादीइतके चांगले उदाहरण नाही. गादीला पिंजाऱ्याने जेथे टाका घातलेला असतो तेथे ती आत ओढलेली असते. तेवढी जागा वर यावी म्हणून आपण कापूस कोंबीत गेलो, तर टाक्याभोवतीची गादी फुगते आणि टाका अधिकच खोल दिसतो. आधी टाका उसवावा लागतो. त्वचेखालचे तंतू असेच सुईने सोडवण्याच्या क्रियेला ‘सबसिजन’ म्हणतात. ऑरेन्ट्राइक पितापुत्रांनी तिचे वर्णन १९९५ साली केले. तंतू सुटल्यावर मोकळ्या झालेल्या जागी थोडे फिलर ठेवले, तर ते आधार देते आणि त्वचा पुन्हा चिकटण्यास अडथळा होतो. म्हणून चांगला डॉक्टर एकाच चेहऱ्यावर दोन-तीन उपाय योजतो. तो सगळ्या खळग्यांना एकच औषध सुचवू लागला, तर आपण सावध व्हावे.

आपल्या सावळ्या वर्णाच्या दृष्टीने फिलरची एक जमेची बाजू आहे. लेझर आणि तीव्र आम्लांचे लेप यांनी आपल्या त्वचेवर काळे डाग उमटण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असतो. फिलर वरची त्वचा सोलत नसल्याने हा धोका त्यात बराच कमी असतो.

पण धोका नाही असे नव्हे. सूज, काळेनिळेपणा, गाठ, जंतुसंसर्ग या गोष्टी होतात आणि बहुधा बऱ्याही होतात. खरे भय रक्तवाहिनीचे आहे. चेहऱ्यावरील रक्तवाहिन्यांचे जाळे डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेले आहे. द्रव्य चुकून धमनीत गेले तर त्वचेचा तुकडा मरू शकतो, आणि क्वचित दृष्टीही जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली याबाबत जाहीर इशारा दिला होता. इंजेक्शनाच्या वेळी किंवा नंतर त्वचा पांढरीफटक पडली, जाळीसारखी निळसर झाली, असह्य वेदना झाल्या किंवा दिसणे कमी झाले, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. त्याच क्षणी डॉक्टरांना गाठावे. हायलुरॉनिक आम्लाचे फिलर असेल तर ते विरघळवणारे औषध जवळ असणे येथे निर्णायक ठरते. म्हणून सुई टोचून घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. आपले शिक्षण कोणते? या द्रव्याचे नाव काय, आणि सीलबंद वेष्टन माझ्यासमोर उघडाल का? उलटा परिणाम झाल्यास उपाय करण्याची सोय येथे आहे का? आणि हे टिकणार किती दिवस, एकूण खर्च किती? हे प्रश्न ऐकून ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्या हाती आपला गाल देऊ नये. ब्यूटी पार्लरमध्ये, किंवा लग्नाच्या आदल्या आठवड्यात घाईने, हे काम करवून घेणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे.

गालावर ताजे मुरूम येत असताना खळगे भरण्याला अर्थ नाही. छप्पर गळत असताना भिंतीला गिलावा करण्यासारखे ते आहे. आणि येथेच आम्हांला सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे. सर्वांत स्वस्त भरणी म्हणजे खळगा न पडू देणे. ‘वयाचे आहे, जाईल आपोआप’ या आपल्या घरोघरच्या वाक्याने जितके गाल खचवले, तितके मुरूम फोडण्याच्या सवयीनेही खचवले नसतील. मोठे, दुखरे, खोल मुरूम येऊ लागले की वाट पाहू नये. बेंझॉइल पेरॉक्साइड, रेटिनॉइड मलमे, आणि तीव्र रोगात आयसोट्रेटिनॉइन अशी खात्रीची औषधे आज आहेत. यांपैकी शेवटचे औषध गर्भाला घातक असल्यामुळे ते, आणि बहुतेक रेटिनॉइड मलमेही, गरोदरपणात घेता येत नाहीत, आणि हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा लागतो. मात्र शेजारणीने सांगितले म्हणून दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे गोरेपणाचे मलम लावू नये. त्याने त्वचा पातळ होते आणि मुरूमही बळावतात.

शेवटी एक गोष्ट औषधाबाहेरची. फिलरने खळगे कमी दिसतात. त्वचा जन्मल्यासारखी नितळ होत नाही, आणि तसे वचन कोणी देऊ नये. निम्म्याहून अधिक सावली गेली तरी पुष्कळांना पुरते, कारण त्यांना सुंदर दिसायचे नसते. चारचौघांत कोणी टक लावून पाहू नये, एवढेच त्यांचे मागणे असते. त्यातले अर्धे काम आमच्या सुईचे असेल, पण उरलेले अर्धे आपले सर्वांचे आहे. ‘अगं, तोंडाला काय झालंय हे?’ असे भर मांडवात विचारणारी मावशी, आणि मुलगी पाहायला जाऊन गुणांआधी गाल पाहणारा मुलाचा बाप, यांच्यावर आमच्याजवळ इंजेक्शन नाही. त्यांनी मुकाट राहण्याचे ठरवले, तर उपचार करून घ्यावे की न घ्यावे याचा निर्णय त्या मुलामुलींना लाजेपोटी नव्हे, शांत मनाने घेता येईल. तेवढे आपण त्यांच्यासाठी करावे, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.