कळा तिच्या, शब्दही तिचा



अमडापुरात, बल्लाळदेवीच्या गावात, आईची महती सांगायला कोणालाही आवडेल. मी आज तिच्या कळांविषयी बोलणार आहे. बाळंतपण माहेरी की सासरी, बारसं कुठे, हे सगळं घरात आधी ठरतं. कळा कमी करता येतील का, हे मात्र कुणी विचारत नाही. ‘सगळ्याच बाया सोसतात’ म्हटलं की विषय मिटला!

१८४७ साली एडिंबरोत डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात भुलीसाठी आधी ईथर, मग क्लोरोफॉर्म वापरला. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने मुलगा लिओपोल्ड याच्या जन्मावेळी क्लोरोफॉर्म घेतला आणि विरोध सैलावला. राणीने घेतला तो उपचार, आणि आपल्या सुनेने मागितला की नखरा? हा कुठला न्याय!

आज सर्वांत प्रभावी उपाय एपिड्युरल. भूलतज्ज्ञ कंबरेच्या मणक्यांमधून बारीक नळी सोडून औषध देतात. बाई शुद्धीत राहते, कळांचा जोर बोथट होतो. रक्तदाब उतरू शकतो, जोर करण्याचा टप्पा लांबू शकतो, क्वचित डोकं दुखतं. पण त्याने सिझर वाढतं किंवा कंबर जन्मभर दुखते, ही भीती अभ्यासांत टिकलेली नाही. पेथिडिनसारखं वेदनाशामक इंजेक्शन देणं सोपं. मात्र त्याने मळमळ आणि गुंगी येते, आणि जन्माच्या तोंडावर दिलं तर बाळाचा श्वास मंदावू शकतो.

इथे एक घोळ होतो. ‘इंजेक्शन दिलं’ म्हणतात ते अनेकदा ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा वाढवणारं असतं. तेव्हा इंजेक्शन कशाचं, हे विचारा.

एपिड्युरलला भूलतज्ज्ञ हवेत. म्हणून चिखली, खामगाव की बुलडाणा, हे आठव्या महिन्यातच ठरवा आणि तिथे रात्रीही ही सोय आहे का, याची चौकशी करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझरसुद्धा.

जिथे भूलतज्ज्ञ नाहीत तिथेही हात बांधलेले नाहीत. चालणं, कूस बदलणं, कंबर चोळणं, गरम शेक, संथ श्वास आणि विश्वासाचं माणूस जवळ असणं, हे सारं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत एपिड्युरलच्याच जोडीला आहे. केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानेही प्रसूतिगृहात सोबतीला जागा दिली आहे.

सासूबाईंना आणि नवरोबांना माझी एवढीच विनंती आहे: कळा सुरू होण्याआधी तिला विचारा आणि डॉक्टरांसमोर तिलाच बोलू द्या. एपिड्युरल मागणारी भित्री नव्हे, नको म्हणणारी अडाणी नव्हे. ऐनवेळी तिचं मन बदललं, तरी शब्द तिचाच राहू द्या.