हसून झाल्यावर

माझा पुतण्या तीन राजकीय नेत्यांची हुबेहूब नक्कल करतो. मान कशी वळवायची, कुठं थांबायचं, टाळ्या कुठं घ्यायच्या, सगळं त्यानं टीव्ही पाहून उचललं. 2017 साली ईदच्या दिवशी कल्याणच्या आमच्या घरी त्यानं असा रंग भरला की शिरखुर्म्याच्या वाट्या तशाच राहिल्या. मी सहज विचारलं, ''आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण रे?'' तो गडबडला. मग म्हणाला, ''चाचा, त्याची नक्कल टीव्हीवर कुणी करत नाही ना!''

उत्तर चलाख होतं, आणि खरंही. टीव्हीवरच्या विनोदाला चेहरा लागतो, तोही देशाला ठाऊक असलेला. शेखर सुमन यांनी 1997 पासून 'मूव्हर्स अँड शेकर्स'मध्ये वाजपेयी आणि लालूप्रसादांचे आवाज घरोघरी पोचवले. 2001 साली फारूख शेख 'जी मंत्रीजी' झाले, तेव्हा फाईल कोण अडवतो ते तरी कळलं. पण गल्लीतलं गटार या कार्यक्रमांत कुठून येणार? कल्याण लोकसभा मतदारसंघात, ज्यात डोंबिवली आणि मुंब्राही येतात, 2019 साली सुमारे 45 टक्के मतदान झालं. 2024 साली ते जेमतेम पन्नाशीला टेकलं. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणांची जी गर्दी लोटते, ती पाहिली की हा आकडा जास्तच बोचतो.

टिंगलीनं तरुण उठतच नाहीत असं मात्र नाही. आमच्या ठाणे जिल्ह्यानं ते पाहिलं आहे. 1960 साली बाळ ठाकरे यांनी 'मार्मिक' सुरू केलं, ते व्यंगचित्रांचं साप्ताहिक. त्यात कचेऱ्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या जात, वर मथळा 'वाचा आणि थंड बसा'. पुढं तो 'वाचा आणि उठा' झाला. 1966 साली शिवसेना निघाली आणि वर्षभरात, 1967 साली, ठाणे नगरपालिकेत सत्तेवर आली. त्या चेष्टेची धार न्यायाची होती का, हे तेव्हाच्या दाक्षिणात्य कारकुनांना विचारावं लागेल. पण हसून झालेल्या पोराला जायला एक जागा होती, शाखा होती. टीव्हीवर हसून झालं की जाहिरात लागते.

2025 च्या मार्चमध्ये एका विनोदकारानं गाण्यात ठाण्याच्या रिक्षाचा उल्लेख केला, आणि खारमधल्या ज्या स्टुडिओत तो कार्यक्रम झाला होता, त्याची शिवसैनिकांनी मोडतोड केली. व्यंगचित्रातून जन्मलेल्या संघटनेला एक गाणं पचू नये, याचं मला वाईट वाटलं.

पुतण्याकडे परत येतो. 2017 च्या जुलैत मुंबईच्या खड्ड्यांवरचं एका रेडिओ निवेदिकेचं विडंबनगीत वाहिन्यांवर गाजलं. यानं त्याला कल्याणची कडवी जोडली. पुढच्याच पावसाळ्यात कल्याणच्या शिवाजी चौकात खड्ड्यामुळं दुचाकीवरून पडून एका महिलेचा जीव गेला. तो रोज त्याच चौकातून कॉलेजला जाई. त्या रात्री तो काही बोलला नाही.

दोन दिवसांनी आमच्या गल्लीतल्या खड्ड्याबद्दलचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. अर्ज विनोदी होता, खुमासदार होता. मी कवी माणूस, पण सगळ्या कोट्या खोडल्या. जागा लिही, लांबीरुंदी लिही, तारीख घाल, म्हटलं. तो रुसला. तरी फूटपट्टी घेऊन गेला, मोजून आला आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेऊनच परतला. त्या खटपटीत नगरसेवकाचं नावही त्याला कळलं. खड्डा बुजला का, ते विचारू नका.

नंतर गंमत झाली. 2015 साली निवडून आलेल्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. नाव कळलेला नगरसेवकच माजी झाला. अखेर 2026 च्या जानेवारीत निवडणूक झाली. काही जागा तर मतदानाआधीच बिनविरोध गेल्या, त्यावर याच्याकडे नवी नक्कल तयार होती.

मतदानाच्या रांगेत तो माझ्या पुढं उभा होता. मागच्या एका आजोबांनी त्याला ओळखलं आणि फर्माईश केली. ''इथं नको आजोबा,'' तो हळूच म्हणाला, ''केंद्रापासून शंभर मीटर लांब गेल्यावर करतो.''