तृतीयपंथी विद्यार्थी आणि शाळेचा दरवाजा



जुलै 2021 मध्ये कर्नाटक सरकारने नोकरभरतीच्या नियमांत दुरुस्ती करून तृतीयपंथीयांना सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का समांतर आरक्षण दिले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. ते सरकारचे औदार्य मुळीच नव्हते. पोलीस भरतीच्या जाहिरातीत स्त्री आणि पुरुष एवढेच दोन रकाने होते, म्हणून बंगळूरची 'संगम' ही संघटना उच्च न्यायालयात गेली. हक्क लढून मिळाला, याची नोंद प्रथम केली पाहिजे.

परंतु त्या राखीव जागेपर्यंत पोहोचायचे कोणी? 2011 च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरातील 4,87,803 माणसांची नोंद झाली. त्यांच्यात साक्षरतेचे प्रमाण 56.07 टक्के होते, सर्वसाधारण जनतेत सुमारे 73 टक्के. कनिष्ठ श्रेणीच्या बहुतेक नोकऱ्यांनाही दहावीचे प्रमाणपत्र लागते, आणि ही मुले वर्गातली टवाळी, गणवेशाची सक्ती आणि शौचालयातली भीती सोसून दहावीपर्यंत टिकतच नाहीत. शिक्षण खाते याला 'गळती' म्हणते. ढकलून दिलेल्या मुलाला गळालेले म्हणणे ही खात्याची जुनीच खोड आहे!

2019 च्या केंद्रीय कायद्याने सरकारी अनुदानाच्या वा मान्यतेच्या प्रत्येक शाळेवर या विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिक्षण देण्याचे बंधन घातले. पण त्याच कायद्याने ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हाती ठेवले, आणि अल्पवयीनाचा अर्ज आईबापांनी वा पालकांनीच करावा असे ठरवले. ज्या मुलाला पहिला मार घरातच बसतो, त्याच्यासाठी अर्ज कोण करणार? म्हणूनच शाळेने कागदाची वाट पाहता कामा नये. मुलाची चेष्टा थांबवण्यासाठी कोणत्याही शिक्षकाला दंडाधिकाऱ्याच्या शिक्क्याची गरज नाही.

शिक्षकांना हे समजावून सांगण्याचा एक प्रयत्न झाला होता. एनसीईआरटीने 2021 मध्ये शिक्षक-प्रशिक्षणासाठी पुस्तिका काढली. सर्वांना वापरता येतील अशी शौचालये, मुलामुलींत भेद न करणारा गणवेश अशा साध्या सूचना तीत होत्या. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने आक्षेपाचे पत्र धाडले आणि काही दिवसांतच पुस्तिका संकेतस्थळावरून नाहीशी झाली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुली व तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी निधीची घोषणा करणारे हेच केंद्र सरकार; कागदावरचा निधी त्याला चालतो, वर्गातला बदल चालत नाही.

कर्नाटकाने स्वतःचे शिक्षण धोरण आखण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये बंगळूर येथे सरकारच्या हाती आला. धोरणाची कसोटी मात्र खेड्यातल्या शाळेतच लागेल. कर्नाटकात शाळा विकास व देखरेख समिती आहे, महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समिती. दोन्हींत पालक बसतात, आणि सरकारी शाळांत ते बहुतेक कामकरी, शेतमजूरच असतात. शौचालयाच्या दाराला आतून कडी, हजेरीच्या वेळी टोपणनावाने हाक मारण्यास बंदी, शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी शिक्षकाची भेट, या मागण्या तेथील साथींनी समितीच्या पुढच्याच बैठकीत लेखी मांडाव्यात.